फिल्म बनवणाऱ्या कंपनीने मासिक काढावे का? हे असे ठरवा

कॅमेऱ्यात घालायच्या फिल्मचे रोल बनवणाऱ्या कंपनीत कुणीतरी कधी ना कधी सुचवतेच: आपल्या हौशी ग्राहकांसाठी छापील मासिक काढूया. कल्पना सगळ्यांना आवडते, म्हणूनच ती नीट तपासायची राहून जाते. माझे मत आधीच सांगते. कारखान्यातले ज्ञान आणि वापरणाऱ्यांची छायाचित्रे, या दोन गोष्टी मन लावून छापायची तयारी असेल तर जरूर काढावे. नुसती जाहिरात करायची असेल, तर त्यासाठी मासिक लागत नाही.

याला जुना आधार आहे. कोडॅकने १९१३ साली हौशी लोकांसाठी ‘कोडॅकरी’ सुरू केले आणि ते १९३२ पर्यंत चालले. नवा कॅमेरा घेणाऱ्याला ते वर्षभर फुकट मिळे. १९४९ मध्ये सुरू झालेले, लायका कॅमेऱ्यांना वाहिलेले नियतकालिक तर आजही निघते. फिल्मवर फोटो काढताना चूक लगेच दिसत नाही. रोल धुऊन आल्यावर ३६ पैकी ३० फ्रेम वाया गेल्याचे कळते, आणि असा माणूस दुसरा रोल घ्यायला कचरतो. त्याला शिकवणारे कुणी असेल तर तो टिकतो.

१. लोक कुठे अडतात ते आधी शोधा

ग्राहकांकडून आलेले तीन महिन्यांचे प्रश्न एकत्र करा. विमानतळावरच्या सीटी स्कॅनरमधून रोल गेला तर काय होते? मुदत उलटलेली फिल्म कशी वापरायची? ४०० आयएसओची फिल्म १६०० वर पुश केली, म्हणजे कमी प्रकाशात जास्त वेगाची समजून वापरली, तर डेव्हलपिंग (फिल्म धुण्याचा वेळ) किती वाढवायचे? सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न बहुधा हा असेल: निगेटिव्ह पातळ, म्हणजे फिकट, का आली?

याचे उत्तर निगेटिव्हच्या कडेलाच असते. कडेवरचे फ्रेमचे आकडे आणि अक्षरे कारखान्यातच उमटवलेली असतात. ती ठळक असूनही चित्र पातळ असेल, तर कॅमेऱ्यात प्रकाश कमी पडला. अक्षरेही फिकट असतील, तर डेव्हलपिंग कमी झाले: वेळ चुकली, तापमान उतरले किंवा डेव्हलपर हे रसायन वापरून थकले. एवढ्या एका परिच्छेदाने कितीतरी लोकांचे पुढचे रोल वाचतील. कारखान्यातल्या रसायनतज्ज्ञांकडे असे वर्षभर पुरेल इतके लिहिण्यासारखे आहे का, ते विचारा. नसेल तर इथेच थांबा.

२. संपादक बाहेरचा नेमा

त्याला दोन गोष्टी लेखी द्या. स्पर्धक कंपनीच्या फिल्मवरचे चांगले छायाचित्र तो छापू शकेल, आणि आपल्याच मालाची परीक्षणे छापायची सक्ती त्याच्यावर नसेल. विक्री विभागाला हे जड जाईल. पण हौशी माणूस चार प्रकारच्या फिल्म वापरतो, आणि एकाच डब्याची स्तुती त्याला दुसऱ्या पानावरच ओळखू येते.

३. एक नमुना अंक छापून पाहा

बैठकीतल्या चर्चेपेक्षा हे जास्त शिकवते. आधी पानाचा आकार ठरवा. ३५ मिलिमीटर फिल्मची फ्रेम २४ बाय ३६ मिलिमीटर, म्हणजे दोनास तीन या प्रमाणात असते. ए-फोर पानाचे प्रमाण वेगळे असल्याने पानभर छापलेल्या चित्राची कड कापली जाते. ज्याने कॅमेऱ्यातच चौकट नेमकी बसवली, त्याचे चित्र कापणे मला फार लागते. समास सोडून पूर्ण फ्रेम छापा. सहा बाय सहा सेंटिमीटरच्या चौकोनी चित्रांसाठीही जागा ठेवा.

मग शाई. कृष्णधवल चित्र नुसत्या काळ्या शाईत छापले की सावल्या राखाडी होतात आणि मधल्या छटा एकमेकींत मिसळतात. काळ्याच्या जोडीला राखाडी शाई घेऊन ड्युओटोन छापा. खर्च वाढतो, पण डार्करूममध्ये प्रिंट काढणाऱ्या वाचकाला फरक लगेच दिसतो. खडबडीत कागद हाताला छान लागतो, मात्र शाई शोषून ठिपके पसरवतो. म्हणून प्रूफ ठरलेल्या कागदावरच काढा आणि मूळ प्रिंटशेजारी ठेवून तपासा. स्कॅन छापायच्या आकाराला इंचामागे ३०० पिक्सेल हवेत. ए-फोर पानासाठी ते साधारण २४८० बाय ३५०८ पिक्सेल होतात.

४. हिशेब प्रामाणिकपणे मांडा

संपादन, मानधन, स्कॅनिंग, कागद, छपाई आणि टपाल असे सगळे धरा. टपालखर्च वजनावर ठरतो, म्हणून जाड कागदाचा मोह महागात पडतो. पिना मारून बांधलेल्या अंकाची पाने चारच्या पटीत ठेवावी लागतात. ऑफसेटमध्ये प्लेट आणि जुळवणीचा खर्च प्रती थोड्या असल्या तरी तेवढाच येतो, म्हणून सुरुवातीला डिजिटल छपाईचाही भाव विचारा. दरमहा अंकाचे वचन देऊ नका. वर्षाला दोन अंक पुरेत.

५. छायाचित्रकाराचा हक्क त्याच्याकडेच राहू द्या

मानधन द्या आणि फक्त एकदा छापण्याची परवानगी घ्या. स्पर्धेच्या नावाखाली सगळे हक्क लिहून घेणे हा अन्याय आहे.

६. कंपनीची खरी बातमी छापायची तयारी आहे का?

२००८ मध्ये पोलरॉइडने आपली इन्स्टंट फिल्म बंद करत असल्याचे जाहीर केले. २००९ मध्ये कोडॅकने कोडाक्रोम ही रंगीत फिल्म थांबवली. फिल्म वापरणाऱ्यांच्या मनात ही धास्ती कायम असते. आपली एखादी फिल्म बंद होणार असेल, तर ते सगळ्यात आधी, कारणासकट, याच मासिकात आले पाहिजे. वरिष्ठ यावर नाही म्हणाले, तर तुमचेही उत्तर ‘नाही’ असू द्या.

७. थांबायचे केव्हा, ते आधीच ठरवा

चार अंकांची वर्गणी घ्या. चौथ्यानंतर किती वर्गणीदार पुन्हा पैसे भरतात, तो आकडा पाहा. खर्च भागवायला निम्मे लागत असतील, तर ती अट पहिल्या अंकाआधीच लिहून ठेवा. तेवढे आले नाहीत तर नव्याने आलेली वर्गणी परत करा, आणि निगेटिव्हच्या कडेवरच्या अक्षरांचा तो परिच्छेद रोलच्या खोक्याच्या आतल्या बाजूला छापा.