लिंबाची पानं पिवळी, शिरा हिरव्या : माझा अनुभव

आमच्या पाचोऱ्याकडच्या शेतात लिंबाची झाडं पिवळी पडायला लागली, शेंड्याची कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्यागार, अन खालची जुनी पानं एकदम चांगली. हे नीट बघा भाऊ, कारण नत्र कमी पडलं की आधी जुनी पानं पिवळी होतात, इथं उलटं होतं म्हणजे लोहाची कमतरता. रोग-कीड काहीच नाही. माती तपासून आणली तर सामू (पीएच, म्हणजे मातीचा आम्ल-विम्लपणा) ८ च्या वर आणि चुनखडी भरपूर, अशा जमिनीत लोह असतं पण मुळांना ते घेता येत नाही. दुकानात लोहाचं ईडीटीए चिलेट (लोह धरून ठेवून झाडाला घेता येईल असं ठेवणारं खत) देत होते, ते फवारणीला ठीक, पण चुनखडीच्या जमिनीतून द्यायचं तर ईडीडीएचए नावाचं दुसरं चिलेटच घ्या, महाग पडतं तरी, कारण जास्त सामूला तेच टिकतं. मी ते ड्रिपमधून सोडलं, शेणखत टाकलं आणि पाणी कमी केलं, सतत ओल राहिली की मुळांना हवा मिळत नाही अन पिवळेपणा अजून वाढतो. नवीन फूट मस्त हिरवी आली! आधी पिवळी पडलेली पानं पूर्ण हिरवी होतीलच असं नाही, फरक नव्या पालवीवरच बघायचा. अन अशा जमिनीत बुडाशी राख, चुना अजिबात टाकू नका.