रानात नेण्याची सुरी निवडताना या चुका टाळा

रानात पहिल्यांदा जाणारे बहुतेक जण सुरीच्या रूपावर भाळतात आणि ती जिथे वापरायची आहे तिथली हवा, ओल आणि कामे यांचा विचार मागाहून करतात. न मिटणाऱ्या, अखंड पात्याच्या सुऱ्या मी अनेक वर्षे वापरत आलो आहे, आणि त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा पाहून आता लिहिल्यावाचून राहवत नाही.

पहिली चूक म्हणजे जाडजूड पात्याला मजबुती समजणे. एका मुक्कामात तीन दिवस संततधार होती आणि माझ्या सोबत्याकडे सात मिलिमीटर जाडीची, पाठीवर करवतीसारखे दाते असलेली सुरी होती. भिजलेल्या रानात विस्तव पेटवायचा तर उभ्याने वाळलेले लाकूड फोडून आतला कोरडा गाभा उघडा करावा लागतो आणि त्याच्या कागदासारख्या पातळ ढलप्या काढाव्या लागतात. पात्याच्या पाठीवर दांडक्याने ठोकून सुरीने लाकूड फोडले खरे, पण पाठीवरच्या दात्यांनी ते दांडके पार कुरतडून टाकले. ढलपी काढताना तर पाते लाकडात पाचरीसारखे अडू लागले आणि बोटाएवढे जाड तुकडे निघाले, जे काडेपेटीच्या काडीला दाद देत नाहीत. जोर लावता लावता सुरी सटकली आणि त्याच्या डाव्या अंगठ्याच्या मुळाशी खोल जखम झाली. शेवटी मी माझ्या तीन मिलिमीटर जाडीच्या साध्या सुरीने ढलप्या काढल्या. जखम धुण्यासाठी पाणी उकळेपर्यंत गडद अंधार पडला होता. धारेच्या लगेच मागे पाते किती पातळ आहे, यावर सुरीचे कापणे अवलंबून असते, म्हणून मी सुरी हातात घेतली की पाठीची जाडी नंतर पाहतो आणि धारेची बाजू आधी पाहतो. तीन ते चार मिलिमीटर जाडी आणि दहा ते बारा सेंटिमीटर लांबी बहुतेक कामांना पुरते. वेलींनी गच्च भरलेल्या उष्ण जंगलात वाट काढायची असेल तर वेगळा कोयता न्यावा, सुरीकडून कोयत्याचे काम करून घेऊ नये.

दुसरी चूक ‘स्टेनलेस’ या शब्दावर आंधळा विश्वास ठेवण्याची आहे. पोलादात किमान १०.५ टक्के क्रोमियम असले की पृष्ठभागावर एक अतिशय पातळ संरक्षक थर तयार होतो, मात्र खाऱ्या पाण्यातील क्लोराइड तो थर जागोजागी फोडते आणि पात्यावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. डी-२ पोलादात सुमारे १२ टक्के क्रोमियम असूनही ते गंजते, कारण त्यातल्या भरपूर कार्बनने बरेचसे क्रोमियम बांधून ठेवलेले असते. किनाऱ्यावर आणि खाडीत वापरायला एच-१ किंवा एलसी-२०० एन यांसारखी नायट्रोजनयुक्त पोलादे खरोखर टिकतात. सुमारे ०.९५ टक्के कार्बनचे १०९५ पोलाद मला कोरड्या प्रदेशासाठी मनापासून आवडते, कारण त्याला धार लवकर लागते, पण दमट हवेत ते एका रात्रीत तांबूस पडते. त्यातही सुरी भिजलेल्या चामड्याच्या म्यानात ठेवून झोपणे हा तिच्यावर अन्याय आहे, कारण चामडे ओल धरून ठेवते आणि ती पात्याला रात्रभर लागून राहते. ओल्या प्रदेशात मी तळाला पाणी निथळण्याचे छिद्र असलेले प्लॅस्टिकचे म्यान वापरतो आणि रोज संध्याकाळी पाते गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, त्याला खाण्यास निर्धोक तेलाचे बोट लावतो.

कडाक्याच्या थंडीत पोलादाची आघात सोसण्याची ताकद घटते, म्हणून तिथे लाकूड फोडण्यासाठी रॉकवेल या कठीणपणाच्या मोजपट्टीवर साठच्या वर असलेले पाते नेऊ नये. ५६ ते ५८ पुरे. उघड्या धातूची मूठ हातातली ऊब शोषून घेते. उत्तर युरोपातल्या सामी लोकांच्या लेउकू या मोठ्या सुरीला बर्चच्या लाकडाची मूठ असते, ती याच दृष्टीने पाहण्यासारखी आहे. मूठ हातमोजा घालून धरून पाहिल्याशिवाय सुरी घेऊ नये.

वाळवंटात म्यानात शिरलेली वाळू दर वेळी धार बोथट करते, तेव्हा म्यान रोज उलटे करून झटकावे.

पाते मुठीच्या टोकापर्यंत अखंड गेलेले असावे, हा नियम चांगला आहे, पण फिनलंडसारख्या नॉर्डिक प्रदेशातल्या पुक्को सुऱ्या मुठीत जाणाऱ्या अरुंद दांडीवर पिढ्यान् पिढ्या चालत आल्या आहेत. धोका आहे तो दांडीच्या मुळाशी काटकोनी खाच असलेल्या किंवा तिथे जोड दिलेल्या सुऱ्यांमध्ये, कारण त्या नेमक्या तिथेच तुटतात.

धार लावण्यासाठी दोन पट्ट्यांमधून पाते ओढण्याची साधने घाईच्या माणसांना फार आवडतात. ती धारेचे कण ओरबाडून काढतात आणि धारेकडे रुंद, सपाट उतार असलेल्या पात्याचा मूळ कोन कायमचा बिघडवतात. मी नवी सुरी घेतली की पुठ्ठा कापून कापून ती मुद्दाम बोथट करतो आणि पाणी घालून घासायच्या धारेच्या दगडावर पात्याचा उतार सपाट टेकवून पुन्हा कागद कापण्याइतकी धार आणतो. हे मला घरी बसून जमले नाही, तर त्या पोलादाची सुरी मी रानात नेत नाही.