लेसोथोचे भित्तिपत्रक कसे तयार करावे

रत्नागिरी-सिंधुदुर्गातील शाळांत भूगोल प्रदर्शनासाठी ‘एका देशाची ओळख’ हा विषय दिला, की राजधानी, चलन, ध्वज आणि भाषा यांची यादी कागदावर उतरते व पाहणारा पुढच्या तक्त्याकडे निघून जातो. लेसोथो निवडला असेल, तर आरंभ नकाशापासून करावा.

प्रथम दक्षिण आफ्रिकेची बाह्यरेषा काढून तिच्या पूर्व भागात लेसोथो वेगळ्या रंगाने भरावा, म्हणजे हा देश चारही बाजूंनी एकाच देशाने वेढलेला आहे हे न लिहिताही कळते. शेजारी त्याच प्रमाणात कोकण विभागाचा नकाशा लावावा. लेसोथोचे क्षेत्रफळ ३०,३५५ चौरस किलोमीटर आणि मुंबई धरून कोकण विभागाचे सुमारे ३०,७००. आकार जवळजवळ सारखा, पण आपल्याकडे बंदरांची रांग आहे, तर लेसोथोला परदेशी मालासाठी डर्बनसारख्या शेजाऱ्याच्या बंदरावर विसंबावे लागते.

नकाशाखाली उंचीचा छेद काढावा. आंबोलीची उंची सुमारे ६९० मीटर; लेसोथोतील सर्वांत सखल जागाही सुमारे १,४०० मीटरवर आहे आणि थाबाना न्त्लेन्याना हे शिखर ३,४८२ मीटर उंच आहे. संपूर्ण भूभाग १,००० मीटरच्या वर असलेला जगात हा एकच देश. दक्षिण गोलार्धात असल्यामुळे आपल्याकडे जून-जुलैत पाऊस कोसळत असताना तिकडे हिवाळा असतो आणि डोंगरांवर बर्फ पडते.

सर्वांत मोठी जागा पाण्याला द्यावी, कारण देशाचे अर्थकारण त्याशिवाय समजत नाही. ऑरेंज नदी येथील डोंगरांत उगम पावते. स्थानिक लोक तिला सेंकू म्हणतात. १९८६ मध्ये दक्षिण आफ्रिकेशी झालेल्या करारानुसार १८५ मीटर उंचीचे कात्से धरण बांधण्यात आले आणि १९९८ पासून त्याचे पाणी बोगद्यांतून जोहान्सबर्गच्या औद्योगिक पट्ट्याकडे जाऊ लागले. त्या मोबदल्यात लेसोथोला स्वामित्वधन मिळते आणि वाटेतील म्युएला केंद्रात वीज तयार होते. वीज निर्माण झाल्यावर वाशिष्ठीत सोडले जाणारे कोयनेचे अवजल चिपळूणच्या विद्यार्थ्यांच्या परिचयाचे असल्याने, दोन्ही प्रवाहांची आकृती त्यांनी शेजारी-शेजारी काढावी.

लोकजीवनाच्या चौकटीत दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत पिढ्यान्‌पिढ्या कामाला गेलेल्या पुरुषांची नोंद हवीच. चाकरमान्यांच्या मनीऑर्डरवर ज्यांच्या आजोबांची घरे चालली, त्यांना ती वेगळी समजावून द्यावी लागणार नाही. लेसोथोतील बासोथो लोकांची लोकरी घोंगडी आणि शंकूच्या आकाराची गवती टोपी यांची चित्रे येथेच शोभतात.

इतिहासाला चार ओळी पुरेत: १८२४ मध्ये राजा मोश्वेश्वे पहिला याने थाबा बोसियूच्या सपाट माथ्याच्या डोंगरावर ठाणे केले, बोअर (डच वंशाच्या) वसाहतवाल्यांशी झालेल्या लढायांत सुपीक जमीन गमावल्यावर १८६८ मध्ये ब्रिटिश संरक्षण स्वीकारले गेले आणि ४ ऑक्टोबर १९६६ रोजी देश स्वतंत्र झाला. थाबा बोसियूचा दुर्गम डोंगर मोश्वेश्वेच्या हयातीत शत्रूला जिंकता आला नाही. गडकोटांच्या प्रदेशातील मुलांना त्याचे चित्र काढायला आवडेल.

राजधानी मासेरू, संविधानिक राजेशाही, सेसोथो व इंग्रजी या राजभाषा आणि दक्षिण आफ्रिकेच्या रँड या चलनाशी समान मूल्य असलेले लोटी हे चलन एवढे तपशील कोपऱ्यात लहान अक्षरांत लिहावेत. लोकसंख्येचा आकडा, जो सुमारे २३ लाख आहे, देताना त्याचे वर्ष सोबत नोंदवावे.