टाळ्या ठोकून आवाजाचा वेग कसा मोजायचा (आणि मे महिन्यात आकडा का बदलतो)

स्टॉपवॉच मोबाईलमध्ये आहेच, बाकी लांब टेप, एक उंच सपाट भिंत आणि आपटायला दोन लाकडं एवढंच लागतं. हाताच्या टाळीत दम नसतो, आम्ही घरातल्या मागाचे दोन जुने धोटे घेतले, लै कडक आवाज येतो, फक्त टोकाचं लोखंड बोटाला लागू देऊ नका. भिंत म्हणून आधी आपल्या सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याचा तट डोक्यात होता पण मधी बुरूज आले की प्रतिध्वनी फाटतो, वर रिक्षांचे हॉर्न, त्यापेक्षा रविवारी एमआयडीसीत बंद गोडाऊन बघा (वॉचमनला विचारून).

भिंतीपासून 60 मीटर मोजून उभं राहा. ठोके अशा लयीत द्या की प्रतिध्वनी दोन ठोक्यांच्या बरोब्बर मधी पडेल, ठक-टक-ठक-टक. लय बसली की पहिला ठोका शून्य मोजा, इथंच सगळे गंडतात, आणि विसाव्याला घड्याळ बंद. जाऊन-येऊन 120 मीटर, दर दोन ठोक्यांच्या मधी तेवढा वेळ दोनदा, वीस वेळा म्हणून 40 दा, म्हणजे 4800 मीटर, त्याला सेकंदांनी भागा. पाचसहा वेळा करून सरासरी काढा, एकदाच केलं तर बोटाच्या चुकीतच सगळा फरक बुडतो.

कारण फरक आहेच एवढुसा. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, जानेवारीत, सकाळी 15 डिग्रीला 14.1 सेकंद यायला पाहिजेत, वेग सेकंदाला 340 मीटर. मेच्या दुपारी 42 डिग्रीला 13.5, वेग 356. हिशोब सोपा, 331 अधिक तापमानाच्या 0.6 पट. हवा तापली की रेणू जोरात पळतात आणि धक्का पुढं देणारे तेच की.

धोटे कितीही जोरात आपटा, वेग तोच. हवेच्या दाबानंही फरक नाही, आपण समुद्रापासून साडेचारशे मीटर वर, इथं दाब कमी पण घनतापण त्याच प्रमाणात कमी, फिट्टंफाट. न्यूटनचा आकडा मात्र 15 टक्क्यांच्या आसपास कमी आला होता, लाटेत दाबली गेलेली हवा क्षणभर तापते हे त्यानं धरलंच नव्हतं, फ्रेंच गणिती लाप्लासनं ते 1816 मध्ये दुरुस्त केलं.

आणि 'जड वस्तूत आवाज जोरात पळतो' हे पाठ केलं असेल तर विसरा, जडपणा उलट वेग कमी करतो, पण पोलाद दाबायला इतकं कडक की तरी 5000 च्या वर जातं, पाण्यात 1480 च्या आसपास.

मेमध्ये करणार असाल तर थर्मामीटर सावलीत धरा, तापलेल्या भिंतीला टेकवून नको.