दोन महायुद्धांमधलं ब्रिटिश संगीत: ऐकताना या चुका टाळा

एका घरगुती बैठकीत 'द प्लॅनेट्स' लावायच्या आधी मी छातीठोकपणे सांगून टाकलं, "महायुद्ध संपल्यावरच्या इंग्लंडचं हे संगीत." मागून एक काका म्हणाले, "अहो, पण लिहिलं कधी?" फोनमध्ये बघितलं आणि गप्प बसलो. इंग्रज संगीतकार होल्स्टनं वाद्यवृंदासाठीची ही रचना १९१४ ते १९१७ च्या दरम्यान लिहिली. लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये आमंत्रितांसमोर ती पहिल्यांदा वाजली ते २९ सप्टेंबर १९१८ ला, म्हणजे युद्धबंदीच्या सहा आठवडे आधी. जाहीर कार्यक्रमात सगळं सलग वाजायला १९२० उजाडलं. तेव्हापासून लिहिल्याचं साल आणि वाजल्याचं साल मी वेगवेगळं टिपून ठेवतो. व्हॉन विल्यम्स या दुसऱ्या इंग्रज संगीतकाराच्या 'द लार्क असेंडिंग' या व्हायोलिनरचनेचीही तीच गत: मूळ लेखन १९१४ चं, वाद्यवृंदासह वाजली १९२१ मध्ये.

त्याहून मोठी चूक म्हणजे नावावर जाणं. त्याच व्हॉन विल्यम्सची 'पास्टोरल सिंफनी' १९२२ ची. पास्टोरल म्हटलं की मेंढ्या, हिरवीगार कुरणं, आणि मग तक्रार ठरलेली: काही घडतच नाही, झोप येते. तेव्हाच्या लोकांनीही तिची टर उडवली. पण हे रान फ्रान्सचं आहे. चाळिशी उलटलेला हा माणूस युद्धात रुग्णवाहिकेच्या तुकडीत होता. संध्याकाळी गाडी चढावर जायची, तिथून दिसणारा सूर्यास्त त्याच्या मनात घर करून राहिला. दुसऱ्या भागात ट्रम्पेट एकटाच वाजतो, त्यामागे छावणीत सराव करणाऱ्या बिगुलवाल्याची आठवण आहे. वरच्या षड्जावर उडी मारायला जायचा आणि अलीकडच्याच सुरावर थांबायचा. शेवटच्या भागात नगाऱ्याच्या हलक्या घुमण्यावर लांबून एक बाई गाते, एकही शब्द न उच्चारता. एवढं कळल्यावर मला तरी परत कधी डुलकी लागली नाही.

जुनी ध्वनिमुद्रणं लावली की वेगळाच घोळ होतो. दर चारेक मिनिटांनी संगीत मध्येच तुटल्यासारखं वाटतं, कारण १२ इंची तबकडीची एक बाजू तेवढीच होती. फाइल बिघडलेली नसते, बाजू पालटलेली असते. संगीतकार एल्गारच्या चेलो कन्चेर्तोची (चेलो आणि वाद्यवृंदासाठीची रचना) बिअट्रिस हॅरिसननं वाजवलेली दोन ध्वनिमुद्रणं आहेत, दोन्हींत वाद्यवृंदाचा संचालक स्वतः एल्गार. पहिलं मायक्रोफोन नसताना, आवाज टिपणाऱ्या भोंग्यासमोर दाटीवाटीनं बसून केलेलं आणि कापून लहान केलेलं. दुसरं १९२८ चं, मायक्रोफोनवरचं, पूर्ण. पहिलं ऐकून 'रचना फारच त्रोटक आहे' असं मत देणारे मी पाहिलेत. मायक्रोफोन आला १९२५ च्या सुमारास; ध्वनिमुद्रण त्याच्या आधीचं की नंतरचं, एवढं बघितलं तरी निम्मा गोंधळ मिटतो.

फक्त मैफलींच्या सभागृहातच अडकून राहू नका. १९२७ पासून प्रॉम्स, म्हणजे लंडनमधल्या उन्हाळी मैफली, बीबीसीनं चालवायला घेतले, १९३० मध्ये तिचा स्वतःचा सिंफनी वाद्यवृंद उभा राहिला, आणि ज्यांनी क्वीन्स हॉल कधी पाहिलाही नव्हता त्यांच्या घरात या वाद्यवृंदाचा संचालक बोल्ट याचं संगीत पोचलं. त्याच रेडिओवर हेन्री हॉलचा नाचाचा बँडही होता. दुसरीकडे बोलपट आले आणि मूकपटांना साथ देणारे वादक बेकार झाले. हेही त्या काळाचंच संगीतजीवन.

आपल्याकडच्या धाग्यांबद्दलही जरा जपून. संगीतकार आणि पियानोवादक कैखुश्रू सोराबजी हे नाव वाचून त्यांना मुंबईकर ठरवू नका. वडील मुंबईचे पारशी, पण मुलाचा जन्म इंग्लंडमधल्या चिंगफर्डचा. चार तासांहून लांबलेली पियानोरचना त्यांनी १९३० मध्ये ग्लासगोत स्वतः वाजवली.

आणि इंग्रज संगीतकार जॉन फूल्ड्स. १९२३ ते १९२६ या काळात त्याचं 'अ वर्ल्ड रेक्विएम' (रेक्विएम म्हणजे मृतांसाठीची प्रार्थना) युद्धबंदीच्या स्मृतिदिनी रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये गाजत होतं. पुढे तो भारतात आला, दिल्ली रेडिओवर काम केलं, पेटीविरुद्ध लेख लिहिला. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओनं पेटीवर बंदी घातली, म्हणून आपले पेटीवाले अजून त्याच्या नावानं बोटं मोडतात. आता नाट्यसंगीतावर वाढलेल्या माणसाला राग येणारच, मलाही येतो. पण पेटीवर रवींद्रनाथांचाही राग होता. आणि बंदी आली तेव्हा फूल्ड्स हयातच नव्हता. एप्रिल १९३९ मध्येच तो कलकत्त्यात पटकीनं गेला होता.