नेमस्पेस केला, तरी क्लिकमध्ये ‘धिस’ हरवतो? असं करा

वेब पानावर तीन जावास्क्रिप्ट फाइली आणि प्रत्येकीत ‘इनिट’ नावाचं ग्लोबल फंक्शन असेल, तर शेवटची फाइल आधीच्या दोन्ही गुपचूप पुसून टाकते. म्हणून सगळ्या साइटसाठी एकच ग्लोबल ऑब्जेक्ट ठेवा, समजा ‘दुकान’, आणि ‘दुकान.टोपली’, ‘दुकान.शोध’ असे भाग त्याखाली लावा; हाच नेमस्पेस. नवं काम असेल तर सरळ मॉड्यूल्स (आपली नावं आपल्यापुरती ठेवणाऱ्या फाइली) वापरा, 2015 पासून ती भाषेतच आहेत.

इथवर सोपं आहे. खरी गोची पुढे.

‘टोपली’त ‘संख्या’ शून्य आहे आणि ‘वाढव’ ही मेथड (ऑब्जेक्टमधलं फंक्शन) ‘धिस.संख्या’ एकने वाढवते; ‘धिस’ म्हणजे मेथड ज्या ऑब्जेक्टवर चालवली ते. कन्सोलमध्ये ‘दुकान.टोपली.वाढव()’ चालवलं की बरोबर चालतं. तीच मेथड बटणाच्या ‘ॲडइव्हेंटलिसनर’ला (क्लिकवर चालायचं फंक्शन, म्हणजे लिसनर, यानं लावतात) दिली की बिघडते. कारण तुम्ही नुसतं फंक्शन दिलंत, डॉटच्या आधीचं ऑब्जेक्ट त्याच्यासोबत जात नाही. ब्राउझर ते चालवतो तेव्हा ‘धिस’ म्हणजे ते बटण. बटणावर ‘संख्या’ नसतेच, म्हणून अनडिफाइन्ड (किंमतच नाही) अधिक एक म्हणजे ‘नॅन’ (‘ही संख्या नाही’), आणि ते बटणावरच साठतं. कन्सोलमध्ये एररची एकही लाल ओळ नाही! अशा वेळी मेथडच्या पहिल्या ओळीत ‘धिस’ छापून बघा, बाकी काही शोधत बसू नका.

‘सगळीकडे ॲरो फंक्शन लावा’ हा सल्ला ऐकू नका; बाणाच्या खुणेनं लिहिलेल्या या फंक्शनला स्वतःचा ‘धिस’ नसतो. मेथडच ॲरो केलीत तर ‘धिस’ बाहेरचा लागतो: साध्या स्क्रिप्टमध्ये विंडो, मॉड्यूलमध्ये अनडिफाइन्ड. मेथड साधीच राहू द्या, ॲरो लिसनर लावताना द्या: ‘() => दुकान.टोपली.वाढव()’.

लिसनर पुढे काढायचा असेल तर हेही पुरत नाही, कारण काढताना लावलेलंच फंक्शन द्यावं लागतं. मेथडला ‘धिस’ कायमचा बांधून देणारं ‘बाइंड’ही दर वेळी नवं फंक्शन देतं, त्यामुळे ‘रिमूव्हइव्हेंटलिसनर’मध्ये पुन्हा ‘बाइंड’ लिहिलं तर जुना लिसनर तसाच राहतो. पॉपअप उघडताना लिसनर लावत असाल, तर तो पाच वेळा उघडला की एका क्लिकला पाच वस्तू टोपलीत! ‘बाइंड’ एकदाच करा आणि ते फंक्शन ‘टोपली’तच ठेवा.

मी मात्र ऑब्जेक्टलाच ‘हँडलइव्हेंट’ नावाची मेथड देतो आणि लिसनर म्हणून अख्खी ‘दुकान.टोपली’ देतो. ब्राउझर ती मेथड स्वतः शोधतो, ‘धिस’ टोपलीच राहतो आणि काढतानाही तेच ऑब्जेक्ट द्यायचं. बटण हवं असेल तर इव्हेंटचं ‘करंटटार्गेट’ घ्या. ‘टार्गेट’ घेऊ नका, क्लिक बटणातल्या आयकॉनवर पडला तर तिथे आयकॉनच मिळतो.