कपाटाची पाठ ओली का होत होती

रत्नागिरीत पावसाळ्यात कपड्यांना कुबट वास येणं नवं नाही. पण गेल्या जुलैत आईचा शालू काढला, तर घडीवर पांढरट ठिपके! जीव कळवळला. कपाटाची पाठ हाताला चक्क ओली लागली. पाइप तपासला, गच्ची तपासली. गळती कुठेच नव्हती. डांबराच्या गोळ्यांनी नुसता वास झाकला गेला.

शेवटी आर्द्रतामापक आणला. खोलीत २९ अंश, आर्द्रता ८५ टक्के. मग उलगडलं. हवा जितकी गरम, तितकी वाफ ती जास्त धरते: ३० अंशांना एका घनमीटरमध्ये साधारण ३० ग्रॅम, २० अंशांना जेमतेम १७. आमच्या खोलीतली हवा २६ अंशांपर्यंत निवली की पाणी सुटणारच; हाच तिचा दवबिंदू. आणि कपाट ज्या भिंतीला चिकटलेलं, तिच्या पलीकडे रात्रभर एसी २० वर! गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो ना, तसा भिंतीला फुटत होता.

कपाट दुसऱ्या भिंतीकडे नेलं, मागे चार बोटं जागा सोडली. एसी २६ वर आणला. खोलीत ओले कपडे वाळत घालणं बंद केलं. घरात कुरकुर झाली, पण मी हटलो नाही. भर पावसात खिडक्या उघड्या ठेवणंही सोडलं, कारण बाहेरची हवा आतल्यापेक्षा दमट असायची.

शालू उघडीप मिळताच सावलीत वाळवून मऊ ब्रशनं झटकला. दोन ठिपके राहिलेच. यंदा मात्र ऑगस्ट उजाडला तरी कपाटाची पाठ कोरडी आहे.